संकेतांक आणि सत्य

औषधाच्या अतिमात्रेने कोणी दगावले की 'व्हिसेरा राखून ठेवला आहे' या वाक्यावर बातमी संपते. तो मनुष्य नेमक्या कोणत्या औषधाने गेला, ते चुकून घेतले गेले की जाणूनबुजून, या प्रश्नांची उत्तरे पुढे वृत्तपत्रांत क्वचितच येतात. ती यावयाची असतात रुग्णालयाच्या दप्तरांत, एक अक्षर व दोनतीन आकडे यांच्या एका संकेतांकात. हा संकेतांक लिहिणे म्हणजे कारकुनी उपचार, अशी समजूत वैद्यकवर्गातही आढळते. ती घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी आपल्याकडील बरेचसे काम अद्याप दहावीवरच चालते. तीत औषधांच्या विषबाधेसाठी 'टी ३६' ते 'टी ५०' हे संकेतांक आहेत. पॅरासिटामॉलचा वर्ग 'टी ३९.१', हेरॉइनचा 'टी ४०.१', आणि औषधाचे नावच लिहिलेले नसेल तर 'टी ५०.९', म्हणजे 'इतर व अनिर्दिष्ट'. हेतूसाठी निराळे संकेतांक आहेत : अपघात असेल तर 'एक्स ४०' ते 'एक्स ४४', स्वतःस इजा करून घेण्याचा हेतू असेल तर 'एक्स ६०' ते 'एक्स ६४', आणि निर्णय होऊ शकत नसेल तर 'वाय १०' ते 'वाय १४'. योग्य औषध योग्य प्रमाणात घेऊनही अपाय झाला, तर ती विषबाधा नव्हे; तो औषधाचा अनिष्ट परिणाम ठरतो. रक्त पातळ करणारी गोळी नेमाने घेणाऱ्या वृद्धास रक्तस्राव झाला, तर विचार औषधयोजनेचा करावयाचा; विसरून ती दोनदा घेतली गेली असेल, तर गोळ्यांच्या डबीचा व घरातील देखरेखीचा. संकेतांक चुकला की उपायही चुकतो.

अमेरिकेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथे २०१४ साली अतिमात्रेने झालेल्या मृत्यूंपैकी १९ टक्के मृत्यूंच्या दाखल्यांवर कोणत्याही विशिष्ट औषधाचे नाव नव्हते. आग लागलेली दिसत होती, पण पाचांतील एका घरी ती कशाने लागली हे लिहिलेलेच नव्हते! पुढे २०२१ साली मृतांची संख्या १ लाख ६ हजारांवर गेली. त्यांतील सुमारे ७० हजार मृत्यूंत फेंटॅनिलसारख्या कृत्रिम अफूसदृश द्रव्यांचा संबंध होता. हे कळू शकले ते दाखल्यांवर नाव लिहिले गेले म्हणून. कोणता उतारा कोठे पोहोचवावयाचा, हे अशा नोंदींवरूनच ठरते.

आपल्याकडे २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२-२३ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. त्यात भर पडते ती लोकलज्जेची. 'डॉक्टर, चुकून जास्त गोळ्या घेतल्या असे लिहा,' ही विनंती सुशिक्षित घरांतूनच होते, आणि दयाबुद्धीने ती मानलीही जाते. पोलिसांचा ससेमिरा, मुलीच्या विवाहाची चिंता, शेजाऱ्यांची कुजबुज ही कारणे आम्ही क्षुल्लक मानत नाही. तथापि कायद्याचे भय आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल शिक्षा सांगणारे जुने ३०९ वे कलम उरलेले नाही. मग खोट्या नोंदीने कोणाचे रक्षण होते? वाचलेल्या तरुणीच्या कागदावर 'अपघात' लिहिला गेला, तर तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविण्याचे कारणच कागदावर उरत नाही. ती पोट धुऊन घरी जाते, त्याच खोलीत, त्याच दुःखासह.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी 'औषधाचे अतिसेवन' एवढ्यावर न थांबता औषधाचे नाव, मात्रा व हेतू स्पष्ट लिहावा; हेतू ठरत नसेल तर तसे प्रामाणिकपणे नमूद करावे. व्हिसेऱ्याचा अहवाल आल्यावर मृत्यूची मूळ नोंद दुरुस्त झालीच पाहिजे. रुग्णालयांनी संकेतांकनासाठी शिकलेली माणसे नेमावीत. आणि त्या कागदांची गुप्तता इतकी कडक असावी की कुटुंबीयांस खोटे बोलण्याची गरजच वाटू नये. ही शेवटची अट पाळली गेली नाही, तर पहिल्या तिन्ही व्यर्थ होत.

दया दाखवावयाची ती रुग्णाशी बोलताना, त्याच्या आप्तांना धीर देताना आणि कायदा राबविताना. नोंदवहीत मात्र सत्यच लिहिले पाहिजे. कारण पुढच्या रुग्णाचे प्राण त्यावर अवलंबून असतात.