व्हिडिओ एडिटिंगसाठी कॉम्प्युटर घेताय? आधी काम ठरवा, मग मशीन



बारावीनंतर किंवा कॉलेज करता करता व्हिडिओ एडिटिंगकडे वळणारी मुलं-मुली आता गावोगाव दिसतात. लग्नाचे व्हिडिओ, यूट्यूब चॅनेल, क्लासेसची लेक्चर्स, निवडणुकीचा प्रचार असं कामही मिळतं. म्हणून घरचे लोक हप्ते बांधून, कधी दागिना गहाण ठेवून कॉम्प्युटर घेऊन देतात. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" आणि दुसरा, "ग्राफिक्स कार्ड कोणतं टाकू?"

माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. म्हणजे आधी कळस, मग पाया. पहिला प्रश्न असा हवा: कोणत्या कॅमेऱ्याचं फूटेज, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणासाठी एडिट करायचं आहे? याचं उत्तर न शोधता घेतलेलं महागडं मशीनसुद्धा टाइमलाइनवर अडखळतं, आणि हप्ते मात्र चालू राहतात.

१) आधी फूटेज ओळखा

मोबाइल आणि आजचे बहुतेक कॅमेरे एच.२६४ किंवा एच.२६५ या प्रकारात रेकॉर्डिंग करतात. यात प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. हजेरीपत्रकाचं उदाहरण घ्या. पहिल्या दिवशी सगळी नावं लिहिली आणि नंतर रोज फक्त 'कालच्यापेक्षा काय बदललं' एवढंच लिहिलं, तर जागा वाचेल. पण दहाव्या दिवशी कोण हजर होतं हे सांगायला पहिल्या पानापासून हिशेब लावत यावं लागेल. कॉम्प्युटरला हेच करावं लागतं, तेही सेकंदाला २५ किंवा ५० वेळा. म्हणून फाइल लहान असूनही एडिट करायला जड जाते.

हा हिशेब भराभर करणारा खास भाग प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डमध्ये असतो. दुकानात कोणी सांगत नाही अशी गोष्ट इथेच आहे. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत १०-बिट ४:२:२ नावाचा पर्याय असतो. रंग चांगले मिळतात म्हणून फोटोग्राफर तो वापरतात. असं एच.२६५ फूटेज सहज चालवण्याची सोय इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. त्याआधीचं कार्ड कितीही महाग असलं तरी या एका कामात ते मदत करत नाही.

आता बघा, इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' अक्षर असतं, त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त पडतो, म्हणून गेमिंगच्या मशीनमध्ये सर्रास टाकतात. गेम खेळणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. पण ४:२:२ फूटेज एडिट करणाऱ्याने थोडे पैसे वाचवताना नेमकी कामाची गोष्ट सोडलेली असते. बिलावर तो 'एफ' आहे का, हे जरूर पाहा.

२) मग सॉफ्टवेअर ठरवा

नवशिक्यांसाठी माझी शिफारस डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीची आहे. कटिंग, रंग, आवाज, इफेक्ट असं सगळं एकाच ठिकाणी शिकता येतं आणि व्हिडिओवर वॉटरमार्क येत नाही. फोर-के यूएचडीपर्यंत, सेकंदाला ६० फ्रेम्सपर्यंत व्हिडिओ बाहेर काढता येतो. मर्यादाही आहेत. काही आधुनिक साधनं फक्त पैसे देऊन घेतलेल्या स्टुडिओ आवृत्तीत मिळतात, आणि काही कॅमेऱ्यांच्या १०-बिट फाइल्स मोफत आवृत्तीत त्रास देतात. म्हणून आपल्या कॅमेऱ्याची एक फाइल आधी टाकून पाहा. स्टुडिओची मूळ किंमत २९५ डॉलर आहे, पण ती एकदाच भरायची असते.

ॲडोबीने २०१३मध्ये नव्या आवृत्त्या कायमच्या विकणं थांबवून भाड्याची पद्धत आणली. प्रीमियर प्रो उत्तमच आहे, आणि एजन्सीत किंवा चॅनेलमध्ये नोकरी करायची असेल तर ते यायलाच हवं. पण महिन्याचं भाडं कामातून निघत असेल तरच ते घ्या. फायनल कट प्रो फक्त ॲपलच्या साधनांवर चालतं. आपल्याकडच्या लग्नाच्या एडिटिंगमध्ये एडियस अजूनही बरंच वापरतात. तुम्ही एखाद्या स्टुडिओला काम करून देणार असाल तर ते काय वापरतात हे विचारून घ्या, कारण प्रोजेक्टची फाइल त्यांच्याकडे उघडली पाहिजे. जुन्या कॉम्प्युटरवर शिकायचं असेल तर केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहेत.

मराठी एडिटरने आणखी एक तपासणी करावी. टायटलमध्ये 'श्रद्धा', 'ज्ञानेश्वर', 'क्षितिज', 'तुर्रेवाला' असे शब्द युनिकोड फॉन्टमध्ये लिहून पाहा. जोडाक्षरं तुटली किंवा वेलांटी भलतीकडे गेली तर सेटिंग किंवा फॉन्ट बदलून पाहा. लग्नाच्या व्हिडिओत वधूचं नाव चुकीचं उमटलं तर पुढचं सगळं कौशल्य वाया जातं.

आणि क्रॅक सॉफ्टवेअर? "सगळेच वापरतात" हे उत्तर मला मान्य नाही. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ६३बी नुसार गुन्हा आहे. त्यात किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, क्रॅकसोबत येणारा व्हायरस गिऱ्हाइकाचं सगळं फूटेज कुलूपबंद करू शकतो. चांगलं सॉफ्टवेअर फुकट मिळत असताना हा धोका कशाला?

३) आता मशीन

रॅम: एचडी कामाला १६ जीबी, फोर-केला ३२ जीबी. पुढे वाढवता येईल असे रिकामे स्लॉट ठेवा.

ग्राफिक्स कार्ड: "मग कार्ड लागतच नाही का?" लागतं. रिझॉल्व्हमध्ये रंगकाम, नॉइज कमी करणं, इफेक्ट हे सगळं कार्डावरच चालतं. फोर-केसाठी ८ जीबी मेमरीचं मध्यम कार्ड सुरुवातीला पुरेसं आहे. माझं म्हणणं एवढंच, की सगळं बजेट त्यात घालू नका.

मॉनिटर: एसआरजीबीचे जवळजवळ १०० टक्के रंग दाखवणारा आयपीएस पॅनेल घ्या. स्क्रीनच चुकीचा पिवळा दाखवत असेल, तर हळदीच्या कार्यक्रमाचे रंग तुम्ही कशाच्या आधारावर सुधारणार?

वीज: चांगला एसएमपीएस आणि यूपीएस. रेंडर चालू असताना लाईट गेली की काय होतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

लॅपटॉप की डेस्कटॉप? एकाच जागी बसून काम असेल तर डेस्कटॉप. तेवढ्याच पैशांत जास्त ताकद मिळते, तो कमी तापतो आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. मॅक चांगला चालतो, पण २०२०नंतरच्या ॲपल चिपच्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. घेताना विचार करूनच घ्या.

४) डिस्क आणि बॅकअप: इथे काटकसर नको

एक गणित करू. फोर-केचं फूटेज सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने साठतं असं धरा. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून सेकंदाला १२.५ मेगाबाइट. तासाचे झाले ४५ जीबी. लग्नात दोन कॅमेरे प्रत्येकी ६ तास चालले तर १२ × ४५ = ५४० जीबी. म्हणजे एकाच लग्नात १ टीबीची डिस्क अर्ध्याहून जास्त भरली! आणि ही फक्त एक प्रत झाली.

म्हणून विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी एक एसएसडी, चालू कामासाठी दुसरी एसएसडी, आणि साठवणीसाठी मोठ्या साध्या हार्ड डिस्क. फूटेजच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम पाळा. तिसरी प्रत परवडत नसेल तर निदान दोन तरी ठेवा, आणि दोन्ही प्रती उघडून तपासल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका. कॉम्प्युटर बिघडला तर दुरुस्त होतो. पण कन्यादान पुन्हा होत नाही, आणि त्या व्हिडिओत शेवटचे दिसलेले आजोबा पुन्हा शूट करता येत नाहीत. गिऱ्हाईक तुमच्याकडे पैसे देऊन खरं तर हाच भरवसा विकत घेतं.

५) पैसे कमी असतील तर?

अंथरूण पाहून पाय पसरा, पण थांबू नका. घरातल्या साध्या मशीनवर 'प्रॉक्सी' वापरून फोर-केचं कामही होतं. प्रॉक्सी म्हणजे मूळ फाइलची हलकी, लहान प्रत. एडिटिंग तिच्यावर करायचं आणि शेवटी सॉफ्टवेअर मूळ फाइल जोडून व्हिडिओ बाहेर काढतं. प्रॉक्सी तयार व्हायला वेळ लागतो, पण रात्री लावून झोपलात तर सकाळी काम सुरू. सहा महिने असं काम करा. तेवढ्यात मशीन नेमकं कुठे अडतंय, हे तुम्हालाच कळेल. रॅम भरतेय की डिस्क संथ आहे, हे टास्क मॅनेजरमध्ये दिसतं. मग तेवढाच भाग बदला.

पालकांना माझी विनंती आहे, की कर्ज काढण्याआधी मुलाने आहे त्या साधनांवर पाच व्हिडिओ पूर्ण करून दाखवावेत. अर्धवट नकोत, पूर्ण. ज्याने ते केले, त्याला काय विकत घ्यायचं हे दुकानदाराने सांगावं लागत नाही.

दुकानात जाताना कागदावर एवढं लिहून न्या: कॅमेऱ्याचं नाव आणि फाइलचा प्रकार, ठरवलेलं सॉफ्टवेअर, महिन्याला साधारण किती तासांचं फूटेज. एक छोटी क्लिप पेन ड्राइव्हवर घ्या आणि तशाच दुसऱ्या मशीनवर चालवून दाखवायला सांगा. क्लिप अडखळली, तर बिल करू नका.