लिंबूटिंबू आणि टी.टी.चं टेबल

गोल्फवर लेख आहे म्हटल्यावर तुम्ही पान उलटणार हे मला ठाऊक आहे. आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात एवढी मोकळी, पाण्याची जमीन दिसली तर माणूस आधी तिथे ऊस लावेल. मी स्वतः गोल्फ टीव्हीपलीकडे पाहिलेला नाही. पण विषय गोल्फपासूनच निघाला, आणि तो शेवटी आपल्या हॉस्टेलच्या टी.टी. रूमपर्यंत येतो, म्हणून थोडं सहन करा.

दिवाळीत साताऱ्याला घरी होतो तेव्हा बेंगळुरूचा आत्तेभाऊ आला होता. ऑफिसातल्या साहेबलोकांच्या नादाने तो गोल्फ शिकायला लागलाय. एका क्लबात मेंबर व्हायला गेला, तर त्याला सांगण्यात आलं की आधी हँडिकॅपचं सर्टिफिकेट आणा. ते कुठे मिळतं? तर कुठल्यातरी क्लबाचा मेंबर झाल्यावर! आजी फराळाचं ताट ठेवता ठेवता म्हणाली, "म्हणजे पोहायला आल्याशिवाय विहिरीत उतरायचं नाही." आम्ही सगळे हसलो. दादा मात्र हसला नाही.

मी कॉन्व्हेंटचा. (माझं मराठी संपादक सांभाळून घेतायत, त्यांचे आभार.) त्यामुळे हँडिकॅप म्हणजे अपंगत्व एवढाच अर्थ माहीत होता. गोल्फमधला हँडिकॅप वेगळा. तो एक आकडा असतो. तुमच्या शेवटच्या २० खेळींतल्या सर्वांत चांगल्या ८ घ्यायच्या, मैदान किती अवघड आहे ते हिशोबात धरायचं आणि सरासरी काढायची. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे आणि तो आकडा जास्तीत जास्त ५४ असू शकतो. समजा दादाचा हँडिकॅप २४ आणि साहेबांचा ६. फरक १८ चा, मैदानात होलही १८. म्हणजे प्रत्येक होलला दादाला एक फटका सूट. आता तो साहेबांशी बरोबरीने खेळू शकतो, आणि साहेबांनाही जिंकायला घाम गाळावा लागतो. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात मला कधी न दिसलेली सुंदर गोष्ट या हिशोबात दिसली, ती म्हणजे दोन असमान माणसांचा खरा सामना लावण्याची सोय.

आणि ही सोय आपल्याकडे नव्हती असं थोडंच आहे? डबा ऐसपैस खेळताना धाकट्या भावाला आपण लिंबूटिंबू करायचो. तो आऊट झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. त्याला घरी कोणी पाठवत नसे. गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं, तेव्हा जाणती माणसं पोरांची उंची, वजन, तयारी बघून जोड लावतात. सुरुवातीला चिल्ल्यापिल्ल्यांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी. आखाडा एकच, माती एकच. आजच्या कुस्तीतला वजनगट म्हणजे तरी दुसरं काय? कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं, ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात. सगळ्यांना एकाच गटात टाकलं असतं तर शंभर किलोच्या मल्लापुढे त्यांचं काय झालं असतं? पण त्या पदकाला 'सवलतीचं पदक' म्हणणारा माणूस तुम्हाला सातारा जिल्ह्यात सापडणार नाही. सापडला तर तो परत घरी जाणार नाही!

तर मुद्दा असा, की कमीजास्त ताकदीच्या लोकांना एकत्र खेळता यावं म्हणून माणसाने माप शोधलं. क्लबवाले ते माप उचलतात आणि दाराला कडी म्हणून लावतात. तुझा आकडा चांगला असेल तरच आत ये.

क्लबवाल्यांवर मी एवढा चिडायचं कारण म्हणजे तीच कडी गेल्या सेमला मी स्वतः लावली.

आपल्या हॉस्टेलला टी.टी.चं टेबल एक. संध्याकाळी पाच ते आठ एवढाच खरा वेळ, आणि खेळणारे भरपूर. भांडणं व्हायची. म्हणून आम्ही कमिटीने ठरवलं की कार्ड काढायची. टीममधल्या मुलाशी ११ पॉइंटचा एक गेम खेळायचा. हरा, पण किमान ७ पॉइंट घ्या, मग संध्याकाळचं कार्ड मिळेल. बाकीच्यांनी दुपारी खेळावं, म्हणजे प्रॅक्टिकल्सच्या वेळेत. ठराव एकमताने पास. त्या एका मतात माझंही मत होतं. माझं कार्ड पक्कं होतं ना!

ट्रायलला अंपायर मीच. माझा रूममेट आटपाडी भागातला. लहानपणी कडबाकुट्टीत त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तो डाव्या हाताने खेळतो आणि सर्व्हिसला चेंडू उजव्या तळव्यावर ठेवतो. पण त्याचा तळवा पूर्ण सपाट उघडत नाही, थोडा वाटीसारखा राहतो. नियम सांगतो की चेंडू उघड्या तळव्यावर स्थिर हवा आणि किमान १६ सेंटिमीटर वर उडवायला हवा. मी त्याच्या चार सर्व्हिस फाउल दिल्या. स्कोअर ११-४. त्या चारातले तीन पॉइंट जरी त्याला मिळाले असते तरी सात झाले असते. तो काही बोलला नाही. बॅट कपाटावर ठेवली, ती तिथेच राहिली.

दिवाळीनंतर, दादाच्या प्रकरणामुळेच, मी टी.टी.चे आंतरराष्ट्रीय नियम पहिल्यांदा नीट वाचले. त्यातच लिहिलंय की शारीरिक अपंगत्वामुळे एखाद्याला सर्व्हिसचा नियम पाळता येत नसेल तर अंपायर तो शिथिल करू शकतो. म्हणजे सूट देणं सोडाच, मी अर्धाच नियम लावला होता! आणि तळवा सपाट का हवा, तर चेंडूला बोटांनी चोरून स्पिन देता येऊ नये म्हणून. आता ज्याला बोटंच नाहीत तो बोटांनी स्पिन कसा देणार? हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. नियम कशासाठी आहे हे न विचारता तो पाळणं आपल्याला इथे बरंच शिकवलं जातं, असो.

गोल्फमध्ये नेमका हाच प्रश्न अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला होता. केसी मार्टिन नावाच्या खेळाडूला पायाच्या रक्ताभिसरणाचा जन्मजात आजार. त्याला फटके उत्तम मारता येत, पण १८ होल चालणं जमत नसे. त्याने गाडी मागितली. पीजीए टूरचं म्हणणं, चालून येणारा थकवा हा खेळाचाच भाग आहे. २००१ साली कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. खेळाचा गाभा फटका मारण्यात आहे, चालण्यात नाही. पाच तासांत चालून खर्च होतात सुमारे ५०० कॅलरी, हाही हिशोब त्या खटल्यात झाला. विरोधी मत देणाऱ्या दोन न्यायाधीशांचं म्हणणंही मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. खेळाचा गाभा काय हे बाहेरच्याने का ठरवावं, असा त्यांचा रोख होता. पण मग आतल्यांनी तरी ते ठरवावं की! आम्ही आतले होतो आणि आम्ही काहीच ठरवलं नाही, फक्त कार्डं छापली.

आमच्या टीमच्या कॅप्टनचं म्हणणं वेगळं आहे, आणि त्यात तथ्य आहे. तो म्हणतो, इंटरकॉलेजच्या आधी कच्च्या मुलांशी खेळून आमचा खेळ बिघडतो. मान्य. टीमला स्पर्धेआधी वेगळा तास द्या, पहाटे सहाला द्या (तेव्हा किती जण उठतात तेही कळेल). दुसरा आक्षेप, पॉइंटची सूट दिली तर पोरं मुद्दाम वाईट खेळून सूट वाढवून घेतील. गोल्फमध्येही असे महाभाग असतात आणि त्यांच्यासाठी हँडिकॅप खाली आणायचे नियम आहेत. आपल्याकडे तर सगळे एकमेकांना ओळखतात. कोण नाटक करतोय हे मेसच्या टेबलावर कळतं. तिसरा आक्षेप 'मेरिट'चा. ए.टी.के.टी.वर तिसऱ्या वर्षाला आलेल्यांच्या तोंडून मेरिटवरचं भाषण ऐकताना मौज वाटते, एवढंच म्हणतो.

माझं म्हणणं साधं आहे. संध्याकाळचं कार्ड ट्रायलवर नको, नंबरावर हवं. वहीत नाव लिहा, पाळी आली की खेळा. हॉस्टेलच्या स्पर्धेत नॉकआउट नको. ३२ नावं आली तर पहिल्याच फेरीत १६ जण प्रेक्षक होतात. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने या सांगलीला बुद्धिबळाचं गाव केलं. तिथे ज्या स्विस पद्धतीने स्पर्धा होतात, तीच आणू. हरलेला हरलेल्याशी, जिंकलेला जिंकलेल्याशी, आणि शेवटच्या फेरीपर्यंत कोणी घरी जात नाही. दोघांत फरक मोठा असेल तर कच्च्याने ४-० ने सुरुवात करावी.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने रूममेटला सांगितलं. खोटं का बोला, शाबासकीची अपेक्षा होती. तो लाँड्रीच्या घड्या घालत होता. म्हणाला, "मला चार पॉइंट कशाला देतोस? मला लिंबू करू नकोस. माझी सर्व्हिस तेवढी धर."

त्याचं बरोबर होतं. मी दोन गोष्टींची खिचडी केली होती. खेळ कच्चा असेल तर पॉइंटची सूट, ती त्याने मागितलीच नव्हती. शरीर वेगळं असेल तर नियम समजून लावणं, ती सूट नव्हेच. त्याच्याच तालुक्यातला, करगणीचा सचिन खिलारी, २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक घेऊन आला, १६.३२ मीटर. हाताचं अपंगत्व असलेल्यांचा तो एफ-४६ गट. गट वेगळा होता, पण टेप सगळ्यांना एकच लावली. आणि हो, तोही मेकॅनिकल इंजिनिअर. आमच्या कमिटीच्या ट्रायलला आला असता तर मी त्यालाही काहीतरी फाउल दिला असता.

येत्या बैठकीत मी कार्डं रद्द करण्याचा ठराव मांडतोय. रेक्टर सरांना अर्ज दिलाय. माझी त्या ट्रायलची ११-४ ची नोंद चुकीची आहे, असंही अर्जात लिहिलंय, म्हणजे माझं अंपायरपद गेलं तर जावो. परवा रात्री दहानंतर, टी.टी. रूमची किल्ली मागून, आम्ही दोघं एक गेम खेळलो. सूट कुणालाच नाही, सर्व्हिस त्याची त्याच्या पद्धतीने. ११-९. कोण जिंकलं ते बैठकीत विचारा.