पास्कलचा जेसीबी

तालुका विज्ञान प्रदर्शनाचे परिपत्रक ग्रुपवर येऊन पडले की पुढच्या आठ दिवसांत शाळेत काय काय घडते, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मुख्याध्यापक स्टाफरूमच्या दारातूनच विचारतात, 'सर, यंदा काय पाठवायचं?' मग कपाटावरचे गेल्या वर्षीचे एखादे मॉडेल खाली उतरते. कोणी हौशी पालक पुण्याच्या तपकीर गल्लीतून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेन्सर आणि आर्डुइनो आणून देतो. फ्लेक्स छापायला जातो. वर्गातली दोन चुणचुणीत, खणखणीत आवाजाची मुले निवडली जातात आणि त्यांच्याकडून माहिती घोकून घेणे सुरू होते.

प्रदर्शनाच्या दिवशी आयोजक शाळेचे सभागृह फुललेले असते. अंधांसाठीची काठी, हात पुढे केला की झाकण उघडणारी कचरापेटी, सायकलच्या चाकावरचे पेरणीयंत्र, सोड्याचा ज्वालामुखी, ठिबक सिंचन, स्मार्ट व्हिलेज. प्रदूषणमुक्त गावाची प्रतिकृती तर हमखास थर्माकोलची. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, याची आठवण त्या टेबलापाशी कोणीच करून देत नाही. आणि थोड्या थोड्या अंतरावर एकेक जेसीबी.

या जेसीबीपाशी जरा थांबू. पुठ्ठ्याचा किंवा आइस्क्रीमच्या काड्यांचा सांगाडा, सलाइनच्या नळ्या, इंजेक्शनच्या सिरिंज आणि रंगीत पाणी. एक दट्ट्या दाबला की दुसरा वर येतो आणि बकेट उचलली जाते. मागच्या तक्त्यावर लिहिलेले असते : पास्कलचा नियम, लहान बलाने मोठे वजन उचलता येते. मुलेही तेच सांगतात, एका दमात. आता त्या सिरिंज हातात घेऊन पाहा. बहुतेक वेळा दोन्ही टोकांना दहा मिलिलिटरच्याच असतात. म्हणजे दोन्ही दट्ट्यांचे क्षेत्रफळ सारखेच. मग बल वाढणार कुठून? जेवढे दाबू तेवढेच पलीकडे मिळणार, त्यातूनही घर्षणात जाईल ते वजा. तक्त्यावर लिहिलेला फायदा टेबलावरच्या यंत्रात मुळात नाहीच. तरीही परीक्षकांच्या नजरेखालून ते यंत्र बिनदिक्कत पुढे सरकते, कधी कधी जिल्ह्यापर्यंत.

याच जेसीबीतून चांगला प्रकल्प उभा राहू शकतो, आणि त्याला खर्चही फारसा नाही. एका टोकाला पाच मिलिलिटरची सिरिंज लावा, दुसऱ्या टोकाला वीसची. व्हर्निअर कॅलिपर प्रयोगशाळेच्या कपाटात पडूनच असतो, तो काढा आणि आतले व्यास मुलांना मोजू द्या. साधारण १२ आणि १९ मिलिमीटर भरतील. त्यांचे वर्ग करून भागाकार केला की उत्तर अडीचच्या आसपास येते. म्हणजे लहान दट्ट्यावर एक किलो ठेवले, तर मोठ्या दट्ट्यावरचे अडीच किलो तोलले जायला हवे. मग वजने चढवत जायची. अडीचच्या कितीतरी आधी मोठा दट्ट्या अडून बसतो. का? रबराचे घर्षण. दट्ट्याला खोबरेल तेलाचे बोट लावून पुन्हा मोजा, आकडा बदलतो का पाहा. नळीत हवेचा बुडबुडा मुद्दाम सोडा. घर्षण बल खाते, बुडबुडा अंतर खातो, हे मुलांना हाताने कळते. मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर चढायला लहान दट्ट्या किती खाली न्यावा लागतो, तेही पट्टीने मोजा, म्हणजे बल फुकटात वाढत नाही हे कळायला वेगळा धडा लागणार नाही. अपेक्षित अडीच आणि हाती आलेला आकडा यांच्यामधली जी तफावत, तोच खरा प्रकल्प. आपण मात्र ती तफावत झाकायला जेसीबीला पिवळा रंग देतो.

परीक्षकांना दोष देणे सोपे आहे, म्हणून त्यांची बाजूही मांडतो. परीक्षक हा तुमच्या-आमच्यासारखाच शिक्षक. दहाचे उद्घाटन साडेअकराला होते, कारण मान्यवर यायचे असतात. सत्कार, प्रास्ताविक, मनोगते होईपर्यंत जेवणाची वेळ. बक्षीस समारंभ चारला. ऐंशी उपकरणे आणि हातात दोन तास म्हटले, तर एका टेबलाला दीड मिनिट येते. दीड मिनिटात फ्लेक्स दिसतो, दिवा लागलेला दिसतो आणि खणखणीत आवाज ऐकू येतो. राष्ट्रीय पातळीवर बालविज्ञान प्रदर्शन भरवणाऱ्या एनसीईआरटीच्या मार्गदर्शक सूचनांत गुणांची विभागणी दिलेली असते. तिच्यात मुलांच्या स्वतःच्या सर्जनशीलतेला आणि कल्पकतेला शंभरापैकी २० गुण आहेत, मांडणी आणि सादरीकरणाला अवघे १०. आपल्याकडचे निकाल पाहिले तर हे प्रमाण उलटे असावे अशी शंका येते.

मराठवाड्यातल्या एका तालुका प्रदर्शनात भिंतीलगतच्या टेबलावर आठवीतली एक मुलगी चार बाटल्या घेऊन बसलेली पाहिली होती. विहिरीचे पाणी, बोअरचे, टँकरचे आणि जूनमध्ये पत्र्यावरून धरून ठेवलेले पावसाचे. साबणाचा चुरा पाण्यात विरघळवून केलेले द्रावण ती ड्रॉपरने थेंब थेंब घालायची, बाटली दहा वेळा हलवायची आणि मिनिटभर फेस टिकेपर्यंत किती थेंब लागले ते मोजायची. पाण्याचा कठीणपणा मोजायची ही जुनीच पद्धत. बोअरच्या पाण्याला सर्वांत जास्त थेंब लागत होते, पावसाच्या पाण्याला सर्वांत कमी, यात नवल काहीच नाही. नवल तिच्या वहीत होते. बोअरचे दोन दिवसांचे आकडे जुळत नव्हते. तिने पहिला आकडा खोडला नव्हता. समासात लिहिले होते, 'मंगळवारी साबण दुसरा होता', आणि खाली तिसऱ्यांदा मोजलेला आकडा. तिच्या घरी डाळ शिजायला उशीर का लागतो, हा प्रश्न तिच्या आजीचा होता. टेबलावर फ्लेक्स नव्हता, दिवा नव्हता, मोटर नव्हती. उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळाले नाही. वही परीक्षकांनी उघडलीच नसेल, तर मिळणार तरी कसे?

वहीला मान देणारी पद्धत आपल्याला कुठून आयात करायची नाही. १९९३ पासून चालू असलेली राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद याच पायावर उभी आहे : १० ते १७ वयोगटातली मुले, आपल्या परिसरातला प्रश्न, प्रत्यक्ष निरीक्षणे आणि नोंदवही. तिथे चकचकीत मॉडेलपेक्षा मुलांनी काय मोजले, हे विचारले जाते. गंमत अशी की, दोन्हीकडे मार्गदर्शक शिक्षक अनेकदा तेच असतात. परिषदेला जाताना वही घेऊन जाणारे सर तालुका प्रदर्शनाला मात्र थर्माकोल घेऊन जातात. मुलांकडून नव्या कल्पना मागवणाऱ्या 'इन्स्पायर मानक' योजनेचीही तीच गत. निवड झालेल्या मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात, ही योजना चांगलीच आहे. पण शाळेमागे पाच कल्पना पाठवायच्या म्हणून शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री त्या पाचही कल्पना शिक्षकच लिहून काढतात, हे आपल्यापैकी किती जण नाकारतील?

आठ दिवसांच्या मुदतीत प्रयोग होत नाही, हे मान्य. तासिका, ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीची कामे यांत शिक्षक पिचलेला आहे, हेही मान्य. पण प्रदर्शन साधारण कोणत्या महिन्यात येते, हे कोणाला ठाऊक नसते? शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पावसात सहावी-सातवीच्या मुलांनी एखादा प्रश्न धरला आणि आठवड्यातून एकदा मोजमाप केले, तर परिपत्रक येईपर्यंत वही भरलेली असेल. परिपत्रक मग कितीही उशिरा येवो.

आयोजक शाळांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना आमची विनंती मोजकी आहे. उद्घाटन आणि परीक्षण एकाच वेळी सुरू होऊ द्या. मान्यवर परीक्षकांशिवायही फीत कापू शकतात. प्रवेश अर्जाबरोबर नोंदवहीची दोन पाने मागवा आणि ती परीक्षकांना आदल्या दिवशी वाचायला द्या, म्हणजे टेबलापाशी माहिती ऐकण्यात वेळ न जाता थेट प्रश्न विचारता येतील. परीक्षण चालू असताना मार्गदर्शक शिक्षकाने सभागृहाबाहेर चहा घ्यावा. मुलांच्या खांद्यावरून उत्तरे पुरवण्याची आपली खोड त्याशिवाय सुटणार नाही. फ्लेक्सवर बंदी घातली नाही तरी चालेल, त्याला गुण नाहीत एवढे आधी जाहीर करा. प्रयोगशाळा सहायक आणि परिचर यांच्या साहित्याचे दालन कोपऱ्यात ढकलू नका. प्रदर्शनात सर्वांत अस्सल हातकाम पुष्कळदा तिथेच सापडते.

परीक्षक म्हणून ज्यांना या हंगामात बोलावणे येईल, त्यांनी माहिती सुरू होण्याआधीच मुलांना थांबवून विचारावे : 'हे करताना काय फसलं?' पाठांतराला या प्रश्नाचे उत्तर येत नाही. ज्याने स्वतः केले आहे ते मूल मात्र खुलून बोलते, आणि मग दीड मिनिटसुद्धा पुरते.

आम्हीही एक काम सुरू करत आहोत. पुढील अंकापासून विद्यार्थ्यांच्या नोंदवहीचे एक पान दर महिन्याला छापले जाईल, त्याखाली त्या मोजमापावर एखाद्या अनुभवी शिक्षकाचे टिपण असेल. पाने पाठवताना मुलांकडून ती पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून घेऊ नका, खाडाखोड असेल तशी राहू द्या. सोबत इयत्ता, गाव आणि मोजायला वापरलेले साधन लिहा. स्कॅन करायची गरज नाही, मोबाइलवर काढलेला फोटो चालेल. फक्त तो खिडकीच्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली पेन्सिलीचे आकडे वाचता येत नाहीत.