समोशातला प्रश्न आडनावाचा नाही

2024 च्या मार्चअखेरीस पिंपरी-चिंचवडमधल्या एका मोठ्या वाहन कंपनीला पुरवलेल्या समोशांत निरोध, गुटखा आणि दगड सापडले. चिखली पोलिसांत गुन्हा दाखल झाला. आधीच्या पुरवठादाराचे कंत्राट समोशात बँडेज सापडल्यामुळे गेले होते. त्याचा सूड म्हणून त्याने नव्या पुरवठादाराकडे आपली माणसे घुसवली, असा पोलिसांचा आरोप. आरोपींची नावे मुस्लिम होती. मग काय, समोसा राहिला बाजूला आणि मोबाइलवर आडनावे फिरू लागली.

आपल्यातले काही जण गप्प बसले, काही 'आम्हालाच का?' म्हणून चिडले. दोन्ही चूक. गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा झालीच पाहिजे. भेसळ करणाऱ्याची बाजू आपण का घ्यावी? आणि त्याच्यासाठी अख्ख्या समाजाने माफी तरी का मागावी?

खरा प्रश्न वेगळाच आहे. बँडेज असो की गुटखा, घाण सापडली ती कामगाराच्या खाण्यात, सरकारी तपासणीत नाही. चाकणच्या मेसमध्ये, कंपनीच्या कँटीनमध्ये शेख आणि शिंदे एकाच पातेल्यातले जेवतात.

ही तपासणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने करायची असते. सणासुदीला खव्यावर धाडी पडतात, फोटो छापून येतात. कँटीनचे काय, हे कुणी विचारत नाही. ते आपण विचारू. माहिती अधिकारात अर्ज टाका: वर्षभरात चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या कँटीनमधून किती नमुने घेतले? कायद्यातल्या 14 दिवसांच्या मुदतीत किती अहवाल आले?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 चे कलम 40 तर सरळ ग्राहकाच्या हातात आहे. विकत घेताना विक्रेत्याला तसे सांगा, फी भरा आणि अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घ्या. दोष निघाला तर फी परत मिळते. औषधांसाठी 1940 च्या कायद्याचे कलम 26 असाच हक्क देते. एकट्याला फी परवडत नसेल तर दहा जण मिळून भरा.

'हलाल आहे ना?' हे आपण हॉटेलवाल्याला बिनधास्त विचारतो. 'परवाना दाखवा' म्हणताना मात्र लाजतो. ही लाज सोडा.