टक्का, पण कशाचा?

२०२४ सालच्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत एक वाद मोठ्या हिरीरीने रंगला. शालेय शिक्षणाच्या राज्य आराखड्यात अशी एक कल्पना पुढे आली होती की, दहावीच्या परीक्षेत गणित वा विज्ञान या विषयांत ३५ गुण न मिळाले, तरी २० गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास अकरावीचा दरवाजा बंद करू नये. मात्र पुढे त्या विषयांच्या वाटेस जाता येणार नाही, असा शेरा त्याच्या गुणपत्रिकेवर असावा. झाले! एका पक्षाने विद्येचा ऱ्हास झाला म्हणून हंबरडा फोडला. दुसऱ्याने लेकरांची सुटका झाली म्हणून समाधानाचा सुस्कारा टाकला. आम्ही हा वाद लक्षपूर्वक वाचला आणि आमची निराशा झाली. वीस की पस्तीस यावरून मंडळी हातघाईवर आली. पण ते वीस कशाचे आणि पस्तीस कशाचे, हा प्रश्न फारच थोड्यांस पडलेला दिसला.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. माध्यमिक शाळेत गणिताचा पाया म्हणून जे शिकवावयाचे, त्याचे सार प्रमाणाची जाण हे होय. कोणताही आकडा समोर आला की हा कशाच्या मानाने, कितींपैकी, कोणी मोजला, असे विचारण्याची सवय मुलास लागली पाहिजे. सांख्यिकी आणि संभाव्यता हे विषय म्हणजे या पायावर मागाहून चढविलेला शोभेचा मजला नव्हे. पाया पक्का आहे की नाही, हे दाखविणारी ती कसोटी आहे. आज आपण हीच कसोटी पाठांतराच्या हवाली करून टाकली आहे.

२०१८ साली निघालेल्या आपल्या राज्याच्या दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात संभाव्यता व सांख्यिकी ही अखेरची दोन प्रकरणे. त्यांत मध्य काढण्याच्या तीन रीती दिल्या आहेत : सरळ, गृहीतमध्य आणि मध्यप्रमाण विचलन. यांतील मागच्या दोन रीती मुळात हाताने करावयाचे लांबलचक गुणाकार वाचविण्यासाठी निघाल्या. परीक्षेच्या धास्तीने मुले तिन्ही घोकतात, रकाने आखतात आणि उत्तराखाली रेघ ओढून मोकळी होतात. परंतु एखाद्या कारखान्यात नऊ कामगारांस दरमहा १५,००० रुपये व दहाव्या व्यवस्थापकास २,६५,००० रुपये मिळत असतील, तर ‘आमच्याकडे सरासरी पगार ४०,००० रुपये’ ही जाहिरात खरी की खोटी, असे त्यांस कोण विचारतो? अंकगणित म्हणते, खरी. अनुभव म्हणतो, दहांतील नऊ जणांच्या पदरात त्याचे निम्मेही पडत नाही. येथे मध्यक १५,००० येतो आणि नोकरी शोधणाऱ्या मुलास तोच उपयोगी. मध्य, मध्यक, बहुलक काढता येणे हे कसब झाले. कोठे कोणावर भरवसा ठेवावा, हे कळणे ही विद्या. कसबास आपण गुण देतो आणि विद्येस वर्गात जागाही देत नाही.

सरासरीचा हा प्रश्न केवळ जाहिरातींपुरता आहे, असे कोणी समजू नये. १९७१ साली वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचे मोजमाप करताना दरडोई रोजच्या २२५० उष्मांकांचा निकष धरला. त्यावर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी असा आक्षेप घेतला की, अन्नाची गरज माणसागणिक बदलते, किंबहुना त्याच माणसाची दिवसागणिकही बदलते. तेव्हा सरासरी हीच सीमारेषा मानून तिच्याखालच्या प्रत्येकास अर्धपोटी म्हणता येणार नाही, विचलन हिशेबात घेऊन ती रेषा खाली आखावी लागेल. दांडेकरांनी हे म्हणणे मुळीच मान्य केले नाही. कोणाची बाजू बरोबर, याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. पण सरासरी आणि विचलन या दोन शब्दांच्या अर्थावर देशातील उपाशी माणसांची संख्या कोट्यवधींनी कमीजास्त होत होती! तेच दोन शब्द आपली मुले वर्षानुवर्षे घोकतात. त्यांच्या आड माणसांची पोटे असू शकतात, हे त्यांस कोणी सांगत नाही.

आता संभाव्यतेकडे वळू. समजा, दहा हजार वस्तीच्या गावात शंभर जणांस एक रोग आहे. तपासणी अशी की, ती रोग्यांपैकी ९० टक्क्यांस ओळखते. मात्र निरोग्यांपैकी ५ टक्क्यांवरही चुकून रोगाचा शिक्का मारते. साऱ्या गावाची तपासणी केली, तर शिक्का बसलेल्यांत खरे रोगी किती? पुष्कळ सुशिक्षित माणसे चटकन ९० टक्के म्हणून जातात. कागदावर मांडून पाहा. १०० रोग्यांतील ९० सापडले. ९,९०० निरोग्यांतील ४९५ उगाच धरले गेले. शिक्का ५८५ जणांवर, त्यांत रोगी ९०; म्हणजे शंभरांत सुमारे १५. यास लागले काय? टक्केवारी, बेरीज आणि भास्कराचार्यांनी लीलावतीत सांगितलेले त्रैराशिक. २०२० सालच्या साथीत तपासणीचा कागद हाती घेऊन घाबरलेली किती घरे आपण पाहिली! त्यांपैकी किती घरांत हे त्रैराशिक कोणी मांडले होते?

यावर पहिला आक्षेप दयाळू मंडळींचा येईल. खेड्यातील मुलास साधा भागाकार येत नाही, त्याच्या माथी ही ओझी कशाला, असे ते विचारतील. भागाकार येत नाही, हे खरेच. २०२३ सालच्या ‘असर’ पाहणीत १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींपैकी ४३.३ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आले. येथे आमचाच प्रश्न आम्हांस लागू करावयास हवा : टक्का कशाचा? तर २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत, ग्रामीण भागात भेटलेल्या ३४,७४५ जणांचा. साऱ्या देशाचा नव्हे. तरीही मन विषण्ण करण्यास तो पुरेसा आहे. पण यावरून निघते काय? श्रीमंताच्या मुलास हिशेब न आला, तर तो हिशेबनीस ठेवील. कर्जाचे व्याज, विम्याचा हप्ता, बियाण्याच्या जाहिरातीतील दीडपट उत्पन्न यांत नाडला जावयाचा तो गरिबाचाच मुलगा. ज्यास गणिताची सर्वांत अधिक गरज, त्यासच त्यातून सूट देणे यास दया कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा. पावकी, निमकी, औटकी गेली आणि गणित बुडाले, असे ती म्हणते. त्या पाढ्यांनी अपूर्णांकाची भीती मोडली आणि अदमास बांधावयास शिकविले, हे आम्हांस मान्य आहे. परंतु पाठांतराने तराजू हाती येतो; पारड्यात काय घातले आहे, हे पाहण्याची दृष्टी निराळी शिकवावी लागते. याच्या उलट नव्या मंडळींचे म्हणणे, भागाकारास आता मोबाइल आहे. आहे खरा; पण कशास कशाने भागावयाचे, हे मोबाइलवर बोट ठेवण्यापूर्वीच ठरवावे लागते.

तिसरा आक्षेप असा की, संभाव्यता ही फासे व पत्त्यांची विद्या. ती मुलांस कशाला? तिचा उगम जुगारातला, हे खोटे नाही. अर्धवट राहिलेल्या डावातील पैशांची वाटणी कशी करावी, या प्रश्नावरील पास्कल व फर्मा यांच्या १६५४ सालच्या पत्रव्यवहारात तिने मूळ धरले. परंतु विष ओळखावयास वैद्यच लागतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली कायद्याने बंदी घातली, हे योग्यच झाले. तथापि सलग दहा डाव हरलो, आता अकरावा आपलाच, ही समजूत कायद्याने जात नाही. वर्गात प्रत्येकाने नाणे दोनशे वेळा उडवावे, निकाल फळ्यावर मांडावा, आणि नाण्यास मागचे काही आठवत नसते हे डोळ्यांनी पाहावे, म्हणजे ती ढिली होऊ लागते.

असो. उपाय खर्चाचे नाहीत. गावचा पाऊस, शाळेची हजेरी, घरची विजेची बिले हीच सामग्री मुलांनी गोळा करावी. परीक्षेत उत्तर काढावयास निम्मे गुण असावेत आणि त्या उत्तराचा अर्थ दोन वाक्यांत सांगावयास निम्मे. असे झाले, तर वीस की पस्तीस या वादात काही अर्थ येईल. तोवर वाचकांनी एवढे तरी करावे : क्लासची ९५ टक्के निकालाची जाहिरात घरी आली, की ती मुलापुढे ठेवून एकच प्रश्न विचारावा : बाळ, हा टक्का कशाचा?