तिसरा पर्याय जातो कुठे?



जिल्हा बैठकीपुढे या वेळी जुनाच प्रश्न आला आहे. चळवळीने निवडणुकीत स्वतःचे उमेदवार उभे करावेत की नाही? लोणखेड्यापासून धडगावपर्यंत कुठल्याही गावबैठकीत बसा, एक वाक्य हमखास ऐकू येते: "हे काय अन् ते काय, दोन्ही सारखेच. पण तिसरा आहे कुठे?" हे वाक्य बोलून माणूस उठतो, आणि मतदानाच्या दिवशी त्या दोघांपैकीच एकाचे बटण दाबून येतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. तिसरा का दिसत नाही, याची कारणे समजून घेतली तरच बैठकीत शहाणपणाचा निर्णय होईल.

आधी, दोन्ही सारखेच हे म्हणणे कितपत खरे आहे ते पाहू. सगळ्याच बाबतींत ते खरे नाही. पण शेतमालाच्या भावाबाबत इतिहास काय सांगतो? मार्च 2012 मध्ये केंद्रात काँग्रेसच्या नेतृत्वाखालचे सरकार होते. कापसाला बाहेर मागणी असताना त्या सरकारने निर्यात बंद केली. डिसेंबर 2023 मध्ये भाजपच्या नेतृत्वाखालचे सरकार होते. त्याने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती बंदी थेट मे 2024 मध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीत उठवली. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ झाले, आणि नवा कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत ही माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली. झेंडा बदलला, पण शेतमाल स्वस्त ठेवण्याचे धोरण बदलले नाही. तेव्हा तिसऱ्याची गरज आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो मार्गाचा.

हे रडगाणे आपलेच आहे असेही नाही. अमेरिकेला जगातली मोठी लोकशाही म्हणतात. तिथेही डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोनच पक्षांची नावे लोकांना ठाऊक असतात. 1992 च्या अध्यक्षीय निवडणुकीत रॉस पेरो नावाचा उद्योगपती अपक्ष उभा राहिला. त्याला जवळजवळ 19 टक्के, म्हणजे सुमारे 2 कोटी मते पडली. अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी तिथे राज्यवार ठरतात. त्यातला एकही त्याला मिळाला नाही. मते 2 कोटी आणि हातात शून्य! पुढे 2000 सालापासून तिथे नियम आला की जनमत चाचण्यांत सरासरी 15 टक्के पाठिंबा असेल त्यालाच अध्यक्षीय वादसभेच्या मंचावर घ्यायचे. मंचावर आल्याशिवाय पाठिंबा वाढत नाही आणि पाठिंब्याशिवाय मंच मिळत नाही.

या सगळ्याचे मूळ मतमोजणीच्या पद्धतीत आहे. ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून आला, बाकीच्यांची मते गेली, ही पद्धत तिथेही आहे आणि आपल्याकडेही. शंभर मतांपैकी 40 एकाला, 35 दुसऱ्याला आणि 25 तिसऱ्याला पडली, तर 40 वाला आमदार होतो आणि त्या 25 जणांच्या म्हणण्याला विधानसभेत कुणी वाली राहत नाही. पुढच्या वेळी ते 25 जण म्हणतात, मत वाया कशाला घालवायचे? अशा रीतीने तिसरा पर्याय हरण्याच्या आधीच लोकांच्या मनातून उतरतो. शेतीच्या भाषेत सांगायचे तर या पद्धतीत फेकून पेरलेले बी उगवत नाही, एका जागी टोबलेलेच उगवते. मत राज्यभर विखुरलेले असेल तर ते फुकट. चार गावांत एकवटलेले असेल तर तेच मत निकाल फिरवते.

अमेरिकेच्या शेतकऱ्यांनी हा अनुभव फार पूर्वी घेतला. रेल्वेचे भाडे, सावकारी व्याज आणि पडलेले भाव यांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी 1892 मध्ये पीपल्स पार्टी म्हणून स्वतःचा पक्ष उभा केला. पहिल्याच अध्यक्षीय निवडणुकीत त्यांच्या उमेदवाराला 10 लाखांहून अधिक मते आणि 22 राज्य प्रतिनिधी मिळाले. पण 1896 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांची एक मोठी मागणी आपल्या जाहीरनाम्यात घेतली. शेतकऱ्यांच्या पक्षाने त्याच पक्षाच्या उमेदवाराला आपला मानला. तो उमेदवार पडला, आणि शेतकऱ्यांचा पक्षही विरून गेला. दक्षिणेकडच्या राज्यांत तर गोऱ्या आणि काळ्या कष्टकऱ्यांची एकजूट वर्णद्वेषाच्या प्रचाराने मोडून काढण्यात आली. तरीही प्राप्तिकर, सिनेटरांची थेट निवडणूक अशा त्यांच्या मागण्या 1913 पर्यंत घटनेत आल्या. पक्ष मेला, मागण्या जगल्या.

नॉर्थ डकोटातल्या गहू उत्पादकांनी यातून धडा घेतला असावा. व्यापारी त्यांच्या गव्हाची प्रत कमी लावत आणि भाव पाडत. 1915 मध्ये त्यांनी नॉनपार्टिझन लीग काढली. तिथे पक्षाचा उमेदवार सामान्य मतदार प्राथमिक फेरीत निवडतात. लीगने नवा पक्ष न काढता त्या फेरीतच आपली माणसे उभी केली आणि 1916 मध्ये राज्यपालपद घेतले. 1919 मध्ये राज्याच्या मालकीची बँक निघाली, 1922 मध्ये राज्याच्या मालकीची पिठाची गिरणी आणि धान्य कोठार सुरू झाले. दोन्ही आजही चालू आहेत. एका राज्यात, एका पिकाभोवती एकवटलेल्या मताने हे काम केले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. इथे तिसरा पर्याय कधी उभाच राहिला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वातंत्र्याच्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी शेतकरी कामगार पक्ष काढला. पहिल्या दहा वर्षांतच त्यातले मोठे पुढारी काँग्रेसमध्ये परतले, जेधे स्वतः परतले. जिथे पक्ष एका तालुक्यात घट्ट रुजला तिथे मात्र तो टिकला. सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. 2024 मध्ये त्या पक्षाला राज्यात एकच जागा मिळाली, तीही सांगोल्याचीच.

शेतकरी संघटनेने 1980 च्या दशकात कांदा, ऊस, कापूस यांच्यासाठी लाखालाखांच्या सभा घेतल्या. 1994 मध्ये शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. सभेतली गर्दी मतपेटीत उतरली नाही; राजुऱ्यासारखे अपवाद राहिले. त्यानंतर राजू शेट्टी यांनी उसाच्या पट्ट्यातून, म्हणजे एकवटलेल्या मतावर, 2009 आणि 2014 मध्ये लोकसभा जिंकली. पुढे त्यांचे सहकारी सदाभाऊ खोत मंत्री झाले आणि 2017 मध्ये वेगळी संघटना काढून गेले. 2024 मध्ये शेट्टी हातकणंगल्यात कुणाशीही युती न करता लढले. त्यांना सुमारे 1 लाख 80 हजार मते पडली आणि ते तिसरे आले. पहिल्या दोघांतला फरक होता सुमारे 13 हजारांचा. त्याच वर्षी विधानसभेसाठी परिवर्तन महाशक्ती नावाची तिसरी आघाडी झाली. निकालात महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनीच 230 जागा घेतल्या, आणि चार वेळा निवडून आलेले बच्चू कडू अचलपुरात पडले. वरवर राज्यात सहा मोठे पक्ष दिसत होते. मतदारासमोर आघाड्या दोनच होत्या.

चिन्हाचा मुद्दाही लहान नाही. शेजारच्या दिंडोरीत 2024 च्या लोकसभेला कांदा उत्पादकांनी सरकारवर राग काढला, आणि केंद्रीय मंत्री पडल्या. तिथे शरद पवारांच्या पक्षाचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस. नुसत्या तुतारीच्या चिन्हावर उभ्या असलेल्या एका अपक्षालाही लाखाहून अधिक मते पडली. ज्यांच्याकडे पैसा आणि नावाजलेला नेता आहे त्यांचीही ही गत! मग ऐनवेळी मिळालेले चिन्ह घेऊन अक्कलकुव्याच्या पाड्यापाड्यांत जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याचे काय होईल? शिवाय एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्शाहून जास्त मते पडली नाहीत तर अनामत जप्त. 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण 2013 मध्ये आले, पण लोकसभा-विधानसभेला त्याला सर्वाधिक मते पडली तरी निवडणूक रद्द होत नाही.

आणि आपला नंदुरबार? माणिकराव गावित इथून नऊ वेळा खासदार झाले. 2014 आणि 2019 मध्ये जागा भाजपकडे गेली, 2024 मध्ये पुन्हा काँग्रेसकडे आली. या काळात ती दोघांतच फिरली, तिसऱ्याकडे गेली नाही. पण याच शहाद्याच्या मातीत 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली होती. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या आदिवासी कार्यकर्त्यांनी सालदार आणि शेतमजुरांना जमीन आणि मजुरीसाठी एकत्र केले. तो लढा बागायतदारांच्या विरोधात होता, हे आपण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यामुळे भावाची चळवळ एका बाजूला आणि मजुरीची चळवळ दुसऱ्या बाजूला, अशी या तालुक्याची दुफळी झाली ती आजतागायत आहे. दोघांचेही मत मोठ्या पक्षांनी वेगवेगळे उचलले.

आपली लोकसभेची जागा आणि जिल्ह्यातल्या चारही विधानसभा जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहेत. म्हणजे इथला तिसरा पर्याय आदिवासी शेतकरी, वनपट्टेधारक आणि मजूर यांच्या पुढाकाराशिवाय उभा राहूच शकत नाही. पपई-केळीवाल्यांनी ठरवायचे आणि मजुरांनी झेंडे धरायचे, या रीतीने तर मुळीच नाही. अमेरिकेतल्या दक्षिणेत एकजूट कशी मोडली गेली ते वर सांगितलेच आहे.

बैठकीत दोन मते मांडली जातील. एक, राजकारण हा चिखल आहे, चळवळीने आंदोलनच करावे. यात तथ्य आहे. विधानसभेत सपाटून मार खाल्लेल्या त्याच नेत्यांनी ऑक्टोबर 2025 मध्ये नागपूरला महामार्ग अडवला, तेव्हा सरकारला 30 जून 2026 पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे आश्वासन द्यावे लागले. पण नुसत्या आंदोलनाने आश्वासन मिळते. अंमलबजावणीच्या वेळी टेबलावर आपले कुणी नसते. दुसरे मत, सगळ्या जागा लढवा, लोक आपोआप येतील. ते येत नाहीत, हे वरचा सगळा इतिहास सांगतो. आम्हाला दोन्ही मते अपुरी वाटतात. म्हणून बैठकीपुढे पुढील सूचना ठेवतो.

पहिली: लोकसभा-विधानसभेला सरसकट उमेदवार देऊ नयेत. जिथे मत एकवटता येते तिथे, म्हणजे विकास सोसायटी, ग्रामपंचायत आणि बाजार समितीत स्वतःचे पॅनल द्यावे. बाजार समितीच्या 18 संचालकांपैकी 15 सोसायट्या आणि ग्रामपंचायतींतून निवडून जातात. पपईचा हंगाम आला की भावावरून वाद होतो आणि बाजार समितीत बैठक लागते. त्या बैठकीत खुर्चीवर आपला माणूस असणे आणि दाराबाहेर घोषणा देत उभा असणे, यात फरक आहे.

दुसरी: प्रत्येक पॅनलमध्ये निम्म्या जागा मजूर आणि वनपट्टेधारक कुटुंबांना द्याव्यात, आणि भावाच्या मागणीपत्रात मजुरीचा दर लिहावा. उत्पादन खर्च मांडताना मजुरी आपण धरतोच. मग ती प्रत्यक्ष द्यायची तयारीही कागदावर दिसू द्या. काही बागायतदार बंधूंना हे रुचणार नाही. त्यांनी बैठकीत येऊन हिशेब मांडावा.

तिसरी: विधानसभेच्या उमेदवारांना निर्यातबंदी, आयात शुल्क, वनपट्टे आणि पीक विमा यांवर लेखी प्रश्न विचारावेत. उत्तरे याच पत्रकात छापावीत. उत्तर आले नाही तर कोरी जागा सोडावी. वर्षाने तीच यादी पुन्हा छापावी.

चौथी: ज्याला सत्तापद मिळेल त्याने चळवळीचे पद त्याच दिवशी सोडावे.

पाचवी: मोजणीची पद्धत बदलण्याची मागणी आपल्या ठरावात यावी. ती काही परदेशी कल्पना नाही. पदवीधर मतदारसंघात आम्ही कृषी पदवीधर पसंतीक्रम लिहूनच मत देतो. पहिली पसंती बाद झाली तर मत दुसऱ्याकडे जाते, वाया जात नाही. राष्ट्रपतींची निवडही पसंतीक्रमानेच होते. मग जी सोय पदवीधराला आहे ती मजुराला का नसावी?

यातून पुढच्या निवडणुकीत आमदार होणार नाही. पण दोन-तीन बाजार समित्या आणि वीस-पंचवीस सोसायट्या पाच वर्षे स्वच्छ चालवल्या, तर "तिसरा आहे कुठे?" या प्रश्नाला गावातच बोट दाखवता येईल. दिसल्याशिवाय लोक मत देत नाहीत, आणि दिसायचे तर कामातून. बैठकीला येताना आपल्या सोसायटीची मतदार यादी घेऊन या. चर्चा तिथून सुरू करू.