कारण : आजारपण

माझ्या दहावीच्या वर्षाचा सरकारी इतिहास एका ओळीचा आहे : 'विद्यार्थी आजारी असल्याने शाळेत हजर राहू शकला नाही.' ही ओळ साफ खोटी आहे. आणि ती मीच लिहिलेली आहे, माझ्या अक्षरात, खाली माझी सही. चाळीसहून जास्त वर्षं ही लाज पोटात ठेवली. आज ती इथं ओकतोय, त्याला कारण आहे. ते शेवटी सांगतो.

साल १९७८. नांदेड जिल्ह्यातलं आमचं गाव. सातवीपर्यंत शाळा गावात, पुढं तीन मैलांवर. बाप सालगडी. पहाटं उठून मालकाच्या गोठ्यातलं शेण काढायचं, मग भाकर-चटणी फडक्यात बांधून चिखल तुडवत शाळा. शाळेत पाण्याचा रांजण होता. 'याला हात लावू नये' असं त्यावर कुणी लिहिलेलं नव्हतं. शिपाई वरून ओतायचा, आम्ही ओंजळ धरायची. शिपाई रजेवर असला की तहान दाबून घरी. आणि नागरिकशास्त्राच्या तासाला 'अस्पृश्यता कायद्याने नष्ट झाली आहे' हे म्हणून दाखवायला सर नेमकं मलाच उठवायचे. मी खणखणीत म्हणायचो. बाकीची पोरं तोंड दाबून हसायची.

तरी जून-जुलै बरा गेला. भूमिती मला आवडायची. पक्ष, साध्य, सिद्धता. जे म्हणायचं ते सिद्ध करायचं, मग ते कुणालाही मान्य करावंच लागतं. किती साधा होतो मी!

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. बातमी रेडिओवर आली. बाप म्हणाला, "आता तुला बाबाच्या विद्यापीठात घालतो." विद्यापीठ काय असतं त्याला ठाऊक नव्हतं. बाबाची मोठी शाळा, एवढं कळलं होतं. तेवढं पुरेसं होतं.

मग शाळा बंद पडली. मोर्च्यात माझ्या बाकावरची पोरं पुढं होती. मग एस. टी. बंद. पूल फोडले, टेलिफोनच्या तारा तोडल्या. तारा तुटल्या म्हणजे पोलीस येणार नाहीत, हे आम्हाला नंतर कळलं. तोडणाऱ्यांना आधीच कळलं होतं.

ते रात्री आले. आम्ही कंबरेएवढ्या ज्वारीत आडवे पडलो. धाकट्या बहिणीच्या तोंडावर मायचा हात. पाऊस भुरभुरत होता. कुडाची ओली घरं पेटणार नाहीत असं वाटत होतं. त्यांनी रॉकेल आणलं होतं. सकाळी बघितलं तर कणगीतली ज्वारी कोळसा, मायचं लुगडं राख, आणि पत्र्याच्या पेटीत माझी पुस्तकं. भूमितीचं पुस्तक कडेकडेनं जळालेलं. मधली पानं वाचता येत होती.

आम्ही जिवंत राहिलो म्हणून नशीबवान. आमच्याच जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना त्या दंगलीत ठार मारलं. मराठवाडाभर किती वस्त्या जळाल्या, किती विहिरी नासवल्या, किती बाया-माणसं रानोमाळ झाली!

तेव्हा शहाणे लोक म्हणायचे, आजही म्हणतात : "नावानं पोट भरतं का? नाव कशाला पाहिजे? शिका, नोकऱ्या मागा." दोस्तांनो, नावानं पोट भरत नसेल तर नावासाठी त्यांनी आमची पोट भरायची ज्वारी का जाळली? नावाची किंमत आमच्याआधी त्यांनाच कळली होती. विद्यापीठाच्या दारावर ते नाव लागलं की त्या दारातून शेण काढणाऱ्याचं पोरगं ताठ मानेनं आत जाणार. भांडण त्या मानेचं होतं. पाटीचं नव्हतंच.

आम्ही नांदेडला मामाकडं गेलो. बापानं आणि मी मोंढ्यात पोती वाहिली. वर्गातली पोरं तेव्हा चाचणी परीक्षा देत होती. दसऱ्यानंतर गावी परतलो तर बहिष्कार. काम नाही, गिरणीत दळण नाही, दुकानात मीठ नाही. माय तीन मैलांवरून मीठ आणायची आणि मी त्याच वाटेनं शाळेत जायचो.

हेडमास्तरांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. वाईट माणसाबद्दल लिहिणं सोपं असतं. म्हणाले, "तुझी हजेरी भरत नाही. अर्ज लिहून दे. कारण आजारपण टाक."

"सर, आमचं घर जाळलं."

"मला माहीत आहे रे. पण दंगल लिहिलंस तर वरून विचारणा होईल, तुझा फॉर्म लटकेल. टायफॉइड लिही."

बाप दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, "लिव्ह पोरा. सायब म्हनत्यात तसं लिव्ह. वरीस जाईल तुजं."

मी लिहिलं. शाईचा पेन हेडमास्तरांचाच होता.

मार्चमध्ये परीक्षा दिली. गणित आणि इंग्रजीत गचकलो. गावात बोलणं सुरू झालं, "बघा, यांना विद्यापीठाला नाव पाहिजे आणि पोरं दहावी होत नाहीत." ऑक्टोबरला सुटलो. पुढच्या जूनला औरंगाबादला, बाबासाहेबांनी काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात. पण निकालपत्रावरचं 'नापास' माझं होतं. रॉकेल आणणाऱ्यांच्या निकालपत्रावर काही लागलं नाही.

आता बघा हिशेब. त्या शाळेचं दप्तर उद्या कुणी उघडलं तर काय सापडेल? १९७८-७९ साली एक पोरगा आजारी पडला. पुढं नापास झाला. दंगल कुठंच नाही. आग नाही, बहिष्कार नाही, मिठासाठी केलेली पायपीट नाही. दप्तर बघून कुणीही म्हणेल, पोरगं अशक्त असावं, अभ्यासात कच्चं असावं. आमच्याविरुद्धचा पुरावा आमच्याच हातानं तयार करून घ्यायचा आणि आमच्याच सहीनं फाईलला लावायचा, ही या व्यवस्थेची जुनी कला आहे. लाठीपेक्षा ती जास्त पक्की आहे. लाठीचा वळ दिसतो तरी.

१४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. साडेपंधरा वर्षांनी, आणि तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. मी त्या दारासमोर उभा राहिलो. बाप नव्हता. रडलोही, नाचलोही. वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. गेल्या वर्षी पुतणीचा फोन आला. तिची शिष्यवृत्ती वेळेत जमा झाली नाही. कॉलेजनं फीसाठी गुणपत्रक अडवलं. पोरगी वर्षभर कापडाच्या दुकानात उभी राहिली. आता दुसरीकडं प्रवेश घ्यायचा तर शिक्षणात खंड का पडला याचं प्रतिज्ञापत्र पाहिजे. म्हणाली, "काका, टायपिस्टकडं छापील नमुना आहे. त्यात 'घरगुती अडचणीमुळे' असं आधीच छापलंय. तो म्हणतो, सगळे तेच लिहितात. मीपण तेच लिहू?"

सगळे तेच लिहितात! टायफॉइडची जागा घरगुती अडचणीनं घेतली, एवढाच फरक. पैसे सरकारकडं अडकले, कागद कॉलेजनं अडवला आणि अडचण मात्र हिच्या घरातली!

कुणी म्हणेल, पोरीच्या प्रवेशाशी खेळू नका, कागद आहे, काहीही लिहा. हे म्हणणाऱ्याला मी हसणार नाही. मी स्वतः वाकलोय आणि वाकलो म्हणूनच मिलिंदला पोचलो. एकटं पोरगं खरं लिहील तर त्याचा फॉर्म लटकू शकतो. म्हणून हे काम एकट्या पोरावर टाकायचं नाही. दहा पोरांनी खरं कारण लिहिलं, सोबत आपली चार माणसं खिडकीपाशी उभी राहिली, तर दहा फॉर्म लटकवणं सोपं जात नाही. आणि आता आपलीच माणसं कारकून आहेत, मास्तर आहेत, हेडमास्तरसुद्धा आहेत. भावांनो, तुमच्यातला कितीजण समोरच्या पोराला सांगतो, "घरगुती टाक, भानगड नको"? तो पेन पुढं करणारा हात आता आपला आहे. जयंतीला निळा फेटा बांधणाराच हात तो.

वस्तीवस्तीत एक वही ठेवा. ज्याचं वर्ष गेलं त्याचं नाव, साल आणि खरं कारण. अर्जाची एक प्रत आपल्यापाशी.

पुतणीनं लिहिलं : 'शिष्यवृत्तीची रक्कम वेळेत जमा न झाल्याने व महाविद्यालयाने गुणपत्रक अडवून ठेवल्याने.' छापील नमुना चालला नाही म्हणून टायपिस्टनं जास्तीचे पैसे घेतले. मी सोबत गेलो होतो. खिडकीतल्या माणसानं दोनदा वाचलं, आमच्याकडं बघितलं आणि शिक्का मारला.

आता माझा अर्ज. उशीर झाला आहे, तरी दाखल करून घ्यावा : १९७८-७९ या वर्षी मी आजारी नव्हतो. माझी तब्येत ठणठणीत होती. आमचं घर जाळण्यात आलं होतं.

जय भीम.